न पाहिलेल्या दुकानाची नोंद

बावीस वर्षे मी अमरावतीत एका दैनिकाच्या डेस्कवर होते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, पानात बसवायच्या, हे काम. दैनिकाने अमरावतीची कचेरी आटोपती घेतली तेव्हा ते संपले. पुढची नऊ वर्षे अकोल्याच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात गेली. हा मजकूर त्या दुसऱ्या नोकरीबद्दल आहे, आणि त्यातही मुख्यतः एका चुकीबद्दल. चूक माझी होती. ती ज्यांनी दुरुस्त करून घेतली त्यांचे आभार त्या वेळी धड मानता आले नाहीत. नावे बदलली आहेत.

केंद्र चालवणाऱ्या गावंडे मॅडम मुलांच्या मनोविकारांच्या डॉक्टर. मुलाखतीत त्यांनी प्रशिक्षणार्थींनी भरलेला एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात लिहिले होते : मुलगा जिद्दी आहे. आई प्रेमळ पण हळवी आहे.

"यात काय चुकलंय?" मॅडमनी विचारले.

"जिद्द दिसत नाही. त्यानं काय केलं ते दिसतं. ते लिहिलेलं नाही."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या.

अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या घरून ऑटोने बडनेरा, तिथून गाडीने अकोला, असे आठवड्यातून चार दिवस सुरू झाले. काम घरोघर जाऊन नोंदी करण्याचे. केंद्रात येणारी बरीच मुले एडीएचडीची असत. त्यांचे लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, विचाराच्या आधी कृती होते, एवढे आता बहुतेकांना माहीत असते. याच मुलांचा राग लवकर चढतो आणि उशिरा उतरतो, हे कमी जणांना माहीत असते. हा आजार आईबापांच्या वागण्याने होत नाही. मॅडम हे वाक्य पहिल्या भेटीत दोनदा म्हणत. एकदा आईकडे पाहून, एकदा सोबत आलेल्या सासूकडे पाहून.

मात्र चढलेला राग उतरवायला मूल कसे शिकते, यात घरच्यांचा वाटा मोठा असतो. जवळचे मोठे माणूस शांत राहिले, तर मूल त्याच्या आधाराने शांत होते. असे पुष्कळदा घडले की थोडे थोडे आपले आपण होऊ लागते. मोठे माणूस दर वेळी ओरडले, हसले किंवा हातात काही देऊन मोकळे झाले, तर हे शिकणे लांबते. औषधाने लक्ष टिकायला मदत होते. हे दुसरे शिक्षण घरातच व्हावे लागते, आणि ते कसे चालले आहे हे दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून कळत नाही. म्हणून गृहभेट.

फॉर्मला चार रकाने होते. वेळ. आधी काय झाले. मुलाने काय केले. मोठ्यांनी लगेच काय केले. पहिल्या भेटीत घर आवरलेले असे, पोहे येत, आणि आई मुलाशी आकाशवाणीच्या निवेदिकेसारखी बोले. ती नोंद मी जपून ठेवत असे, पण तिच्यावर विश्वास ठेवत नसे. तिसऱ्या भेटीपर्यंत लोकांना माझा विसर पडे. खरे काम तिथून सुरू होई.

आमच्याच राजापेठेतल्या एका वकिलांच्या घरी अशीच तिसरी भेट होती. सात वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाची वही फाडली होती आणि तो रडत होता. वकील समोर उभे राहिले.

"वही तू फाडलीस. हो की नाही?"

"दादानं पह्यले माह्या—"

"हो की नाही, एवढंच सांग."

"दादानं—"

"प्रश्नाचं उत्तर दे."

मुलगा किंचाळला, "मंग मले बी वकील पायजे!"

मी जसेच्या तसे लिहिले. मॅडमनी ते वकिलांना वाचून दाखवले तेव्हा ते आधी मोठ्याने हसले, मग त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली. दीड महिन्यानंतरच्या नोंदीत चौथ्या रकान्यात आहे : वडील खाली बसले. सहा मिनिटे काही विचारले नाही.

अशा पानांचा मला अभिमान होता. नोंद अचूक असली की माणसे स्वतःला ओळखतात, असे मला वाटू लागले होते. आपली नोंद चुकीची असू शकते, हे वाटणे त्याच सुमारास बंद झाले असावे.

आयमन नऊ वर्षांची, चौथीत. घर अकोल्याच्या जुन्या शहरात. वडील रफिकभाई यांचे गाद्या-उशा भरण्याचे दुकान. आई शबाना घरी मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवत. रफिकभाईंचे बोलणे हिंदी आणि वऱ्हाडी यांच्यामध्ये कुठेतरी असे. शबानांचे माहेर बार्शीटाकळीचे, त्यांची वऱ्हाडी पक्की. घरात चौथ्या रफिकभाईंच्या आई. त्या बाजेवर बसून सगळ्यांना सूचना देत. आयमनला औषध सुरू होते. वर्गात ती आता वीस मिनिटे बसू शकत होती. राग तसाच होता.

तिसऱ्या भेटीला मी संध्याकाळी पाच वाजता गेले. आयमन गृहपाठ लिहीत होती. शबानांनी एक ओळ खोडरबराने पुसली आणि पुन्हा लिहायला सांगितले. आयमनने पान फाडले, मशीनच्या कव्हरला लाथ मारली आणि ओरडू लागली.

"आता मी काय करू हिचं!" शबाना त्याहून मोठ्याने ओरडल्या. "सारी गल्ली आयकून राहिली!"

"गल्लीकू क्या काम है दुसरा?" दादी बाजेवरून म्हणाल्या.

शबानांनी फोन लावला. सहा-सात मिनिटांत रफिकभाई मोपेडवर आले. कोणाला काही विचारले नाही. मुलीला मोपेडवर पुढे उभे केले आणि निघून गेले. राग आला की ते तिला दुकानात नेतात, असे शबानांनी सांगितले. मी घरातच थांबले. कामाचे नाव गृहभेट होते आणि घर हे होते. शिवाय चहा टाकला होता. पन्नास मिनिटांनी दोघे परतले. आयमन शांत होती. तिच्या हातात कागदाची पुडी होती. ती आत गेली आणि वही काढून बसली.

चौथ्या रकान्यात मी लिहिले : वडील मुलीला दुकानात नेतात. ती खाऊची पुडी घेऊन परतते. हट्ट पुरवला जातो.

मॅडमनी माझ्या नोंदीवर विश्वास ठेवला. त्यांनी दोघांना बोलावून सांगितले की महिनाभर राग आल्यावर दुकानात न्यायचे नाही. घरीच राहू द्यायचे, जवळ कोणी तरी बसायचे, हातात काही द्यायचे नाही.

रफिकभाईंनी टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिले. "तुमी म्हंता तं बरोबरच असन," ते म्हणाले.

आयमन खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती. "दुकान बंद?"

"थोडे दिन."

तीन आठवडे त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले. घरातला आरडाओरडा वाढला. चौथ्या आठवड्यात शाळेत शेजारच्या मुलीने आयमनची पेन्सिल घेतली आणि बाकीच्या हसल्या. आयमनने लोखंडी कंपासपेटी फेकली. शेजारच्या मुलीच्या भुवईवर दोन टाके पडले. मुख्याध्यापिका इंगळे मॅडमनी पालकांना बोलावले. शाळा काढून टाकत नाही, पण मुलीच्याच भल्यासाठी तुम्ही दाखला काढून न्या, असे त्यांनी सुचवले. रफिकभाईंकडून अर्ज लिहून घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. महिनाभर पाहू, पुन्हा कोणाला लागले तर अर्ज मंजूर, नाही तर परत. जवळच्या दोन शाळांनी आयमनला आधीच नाही म्हटले होते. ही तिसरी होती.

दुसऱ्या दिवशी शबाना एकट्याच केंद्रात आल्या. गावंडे मॅडम राउंडवर होत्या. शबाना माझ्यासमोर बसल्या.

"तुमी आमच्या घरचं काय लिवलं, ते मले वाचून दाखवा."

मी फाइल काढून वाचले. पुडीशी त्यांनी हात वर केला.

"कायची पुडी?"

"खाऊची."

"त्यात सासूची तंबाखू व्हती."

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"मंजे आमी पोरीले तंबाखू चारून चूप बसवतो, असं झालं हे." त्या हसल्या नाहीत. "तुमी दुकानात गेल्ते काय?"

"नाही."

"मंग लिवलं काहून?"

हा प्रश्न मी बावीस वर्षांत तालुक्याच्या वार्ताहरांना फोनवर किती वेळा विचारला असेल, सांगता येणार नाही. अपघाताच्या जागी न जाता चालकाचा ताबा सुटल्याचे लिहिणाऱ्यांना. सभेला न जाता प्रचंड प्रतिसाद लिहिणाऱ्यांना. आता त्यांच्या रांगेत मीही होते. मी दोघांना घराबाहेर जाताना पाहिले आणि घरात येताना पाहिले. मधली पन्नास मिनिटे मी रचली होती, आणि ती रचताना एक पुडी उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नव्हती.

मॅडम आल्यावर मी त्यांना शबानांसमोरच सांगितले. मॅडमनी नोंद पुन्हा वाचली आणि लगेच फोन लावला. "रफिकभाई, माझा सल्ला चुकला. दुकान आजपासून सुरू करा. आणि आमच्या बाईंना तिथं बसू द्या." फोन ठेवून माझ्याकडे पाहिले. "फॉर्मवर सही दोघींची आहे," एवढेच म्हणाल्या. त्या वाक्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुकान म्हणजे दहा बाय पंधराची खोली. मागे कापूस पिंजण्याचे यंत्र, पुढे खोळींच्या थप्प्या, मध्ये कापसाचा ढीग. सगळ्या वस्तूंवर पांढरी बारीक लव.

"या ताई," रफिकभाई म्हणाले. "दुकान गाद्यायचं, पन बसाले जागा नाई. त्या गठ्ठ्यावर बसा."

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना घरून फोन आला. ते गेले आणि आयमनला घेऊन आले. ती रडत होती आणि वडिलांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. त्यांनी यंत्र बंद केले. तिच्या पुढ्यात एक रिकामी उशीची खोळ टाकली आणि स्वतः एका गादीला टाके घालत बसले. ना तिच्याकडे पाहिले, ना काही बोलले.

चार मिनिटे तिने खोळीला हात लावला नाही. मग कापसाच्या मुठी भरून आत कोंबू लागली. एवढ्या जोरात, की अर्धा कापूस बाहेर पडत होता.

"पहले कोने," रफिकभाई म्हणाले. मान वर केली नाही.

उशी भरताना आधी चारही कोपरे भरावे लागतात, हे मला तेव्हा कळले. मधला भाग आधी भरला की कोपरे कायमचे रिकामे राहतात. कापूस हाताने सोडवून टाकावा लागतो. दाबून कोंबला की गाठी होतात, आणि त्या झोपणाऱ्याला रात्रभर टोचतात.

अकराव्या मिनिटाला त्यांनी हात लांब करून उशी चाचपली. "गाठ है. निकाल."

आयमनने कापूस बाहेर काढला, बोटांनी विंचरला, पुन्हा भरला. एकोणिसाव्या मिनिटाला तिचा श्वास सारखा झाला होता. तेव्हा त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"अब बोल. किसकी गल्ती, वो नको बता. क्या हुआ, वो बता."

नव्या वार्ताहराला पहिल्या दिवशी आम्ही हेच सांगत असू. ते मला गाद्यांच्या दुकानात ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

"ट्यूशन में सब मेरेकू पागल बोले," आयमन म्हणाली. "फिर मेरा पेट गरम हुआ. फिर मैं घर कू आई. फिर अम्मी बोली हाथ धो. फिर मैंने बकेट उलटा दी."

"पेट गरम हुआ तो तेरेकू मालूम पडा?"

तिने विचार केला. "हां."

"मालूम पडा, मतलब आधा काम हो गया. अब अम्मी की बकेट?"

"भर के देती."

मग तिने उशीचे तोंड शिवायला वडिलांकडे दिले. दुकानासमोरच्या टपरीवर थांबून माझ्यादेखत त्यांनी दादीची पुडी घेतली. ती धरायला आयमनकडे दिली, कारण मोपेड त्यांना चालवायची होती.

निघण्यापूर्वी मी त्यांना विचारले होते, हे कुठे शिकलात.

"शिकलो कुठं, ताई. मी बी असाच व्हतो. अब्बा मारत. लई मारत. मंग मी मागं जाऊन कापूस पिंजत बसो. कोनी बोले नाई, तं आपोआप उतरे." सुईत दोरा ओवत ते म्हणाले, "मारलं नसतं तरी उतरलं असतं, हे मले लेकरू झाल्यावर समजलं."

आमच्या डॉक्टरांनी दुकान बंद करायला सांगितले तेव्हा हे का बोलला नाहीत, असेही विचारले. ते हसले. "तुमचं लिवलेलं व्हतं ना. लिवलेल्यासमोर आमी काय बोलनार?"

हे वाक्य मला अजून पुरून उरले आहे.

ही नोंद साडेचार पानांची झाली. मॅडमनी ती घेऊन शबानांना बसवले, आणि घरात यातले काय करता येईल हे दोघींनी ठरवले. ओरडायच्या आधी शबाना मशीनवर जाऊन एक सरळ शिलाई मारत. "माह्या खोळी आता फार मजबूत होऊन राहिल्या," त्या मला पुढच्या भेटीत म्हणाल्या. "काही तं तीन-तीन डाव शिवल्या."

प्रश्न शाळेचा होता. इंगळे मॅडमच्या खोलीत आम्ही चौघे बसलो : त्या, वर्गशिक्षिका, रफिकभाई आणि मी. मी नोंद वाचली.

"चांगलं आहे," इंगळे मॅडम म्हणाल्या. "पण कापूस मी शाळेत आणू देणार नाही. साठ मुलं शिंकत बसतील."

"कापूस नको, मॅडम," रफिकभाई म्हणाले. "तिले बाजूले न्या, अन् दहा-पंधरा मिनटं तिच्यासंगं कोनी बोलू नका. समजावू बी नका. शांत झाली की मंग इचारा, काय झालं. कोनाची चूक ते इचारू नका."

इंगळे मॅडमनी वर्गशिक्षिकेकडे पाहिले. "जमेल?"

"आयमनला?"

"तुम्हाला."

उरलेले दिवस मी मोजले नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. तिसऱ्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला कोणी तरी आयमनच्या चित्रावर पाणी सांडले. तिने खडूंची पेटी भिरकावली. ती भिंतीवर लागली, कोणाला लागली नाही. वर्गशिक्षिकेने तिला ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर नेले आणि शेजारी बसल्या. आयमन आपल्या ओढणीचे टोक घट्ट गुंडाळी आणि सोडी. पुन्हा गुंडाळी आणि सोडी. चौदा मिनिटांनी बाईंनी विचारले, काय झाले. आयमनने चार वाक्यांत सांगितले. मग वर्गात जाऊन एकेक खडू वेचला.

"बी.एड.ला सगळं शिकवलं," त्या बाई मला नंतर म्हणाल्या, "मुलीशेजारी चौदा मिनिटं गप्प बसायचं तेवढं राहून गेलं होतं. दोनदा तर जीभ चावली मी."

महिना संपला त्या दिवशी रफिकभाई मुलीला घेऊन शाळेत आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तरी खांद्यावर कापसाची लव होतीच. मीही गेले होते. इंगळे मॅडमनी ड्रॉवर उघडला, अर्ज काढला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो उचलून वाचला, स्वतःचीच सही नीट पाहिली, आणि घडी करून खिशात ठेवला.

"मैं जाऊं?" आयमनने विचारले. "हिंदी का पीरियड चालू हुआ."

"जा," इंगळे मॅडम म्हणाल्या.

ती सुटली. सरळ व्हरांड्यातून, दप्तर एका खांद्यावर आपटत, पूर्ण वेगाने. व्हरांड्यात धावायचे नाही, अशी पाटी त्या दारावरच आहे. इंगळे मॅडम अर्ध्या उठल्या. त्यांनी तोंड उघडले. मग मिटले, आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"शुक्रिया, मॅडम," रफिकभाई म्हणाले.

अर्ज परत दिल्याबद्दल की आता न ओरडल्याबद्दल, हे मी त्यांना विचारले नाही.